खालून लागलेलं बोट

६ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! खाली ताईचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या, आणि आजपासून खिडकीजवळचं टेबल माझं. निघताना आईनं माझे दोन्ही हात इतका वेळ धरून ठेवले की गाडी चुकायचीच बाकी होती. ताई मात्र दारात नुसती हसली, जवळसुद्धा घेतलं नाही. दिवसभर हातात पातळ रबरी मोजे घालून असते. कामाची सवय, म्हणाली. तिची लेक भिंगरी पाच वर्षांची, आणि खरंच एका जागी ठरेल तर शपथ. ताईला फोन लावायचा असला की नंबर भिंगरी दाबते. राणीसाहेबांना बोटसुद्धा हलवायला नको, अशी मी थट्टा केली, तर ताई हसली नाही.

दुकानाचा नियम तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकला. जो मशीन उघडेल त्यानंच ते पुरं करायचं. आपलं अर्धवट काम दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही. कुणाला हवंच असेल तर त्यानं स्वतःहून मागून घ्यावं. मला तर हे फारच पटलं. आधीच्या दुकानात लोकांची उष्टी कामं निस्तरता निस्तरता माझा जीव मेटाकुटीला आला होता.

८ तारीख, बुधवार

आज सगळे ट्रॅकपॅडच. लोकांना वाटतं पॅड गेलं. बहुतेक वेळा एखादा स्क्रू ढिला असतो, नाहीतर बॅटरी फुगून खालून ढकलत असते. एका शिक्षिकेचं पॅड जुन्या खाटेसारखं कुरकुरत होतं. कडेखाली चिकटपट्टीची घडी सरकवली, स्क्रू आवळले, झालं! बाई खूश होऊन उगाचच टकटक करत बसल्या.

वरच्या फळीवर एक करडा लॅपटॉप आहे. बंद असतो, तरी मधूनच टक करतो. ताईला विचारलं तर म्हणाली, राहू दे, त्याचं पॅड ढिलं आहे, ते काही तुझ्या हातचं काम नाही, तुला जमायचं नाही.

मला! मला जमायचं नाही! असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हटलं, दे इकडे, मला हवाय तो. ताईनं लगेच काढून दिला. आणि चटकन दोन पावलं मागे सरकली. मला वाटलं, मला कामाला जागा करून देतेय.

९ तारीख, गुरुवार

उघडला. बॅटरी फुगलेली नाही. स्क्रू सगळे घट्ट. धूळ नाही, तडा नाही. बॅटरी काढली, पट्टीची वायर सोडवली, नुसतं पॅड तळहातावर घेतलं. तरी टक.

वरून बोटानं दाबलं. खालून कुणीतरी दाबलं. माझ्या बोटाच्या बरोबर खाली, बोटाच्याच टोकाएवढं, कोमट. मी बोट सरकवलं, तर तेही सरकलं. उलटं करून पाहिलं तर खाली माझाच तळहात. हसले, चहा प्यायले, सगळं जोडून टाकलं. आवाज थांबला म्हणजे काम झालं.

संध्याकाळी ताईनं मोजे काढले. भिंगरीची वेणी घालत होती आणि डोळ्यांना धार लागली होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही गं, आनंद झाला. फोनही आज तिनं स्वतःच लावला.

११ तारीख, शनिवार

माझा फोन माझं बोट घेत नाही. काच पुसली, हात धुतले, काचच बदलून पाहिली. ताईनं बोट लावलं की चालतो. दुकानातही तसंच, कुठल्याच पॅडवर मी बोट फिरवलं की बाण हलत नाही. एक गिऱ्हाईक म्हणालं, आधी बाईंनाच दुरुस्तीला टाका. सगळे हसले. मीही हसले, काय करणार.

१२ तारीख, रविवार

भिंगरी चित्र काढत होती. मागून तिच्या गालावरून हात फिरवला. वळली नाही. गुदगुल्या केल्या. काहीच नाही. मग मी — देवा, माफ कर — चिमटा काढला. दंडावर लाल वळ उठला. पोरगी गुणगुणत रंग भरत राहिली.

१३ तारीख, सोमवार

ताईला धरून विचारलं. धरून कसलं, तिला कळलंच नाही मी धरलंय ते. तिनं सगळं सांगितलं, भांडी पुसता पुसता. त्या पॅडखाली जे आहे त्याला कुणा एकाचा स्पर्श लागतो. आजवर तिचा होता. भिंगरी रडायची, ताई उराशी घट्ट धरायची, तरी पोर आई आई करत तिला शोधत राहायची. तो लॅपटॉप आपणहून दुसऱ्याला देता येत नाही. समोरच्यानं मागावा लागतो. माझा स्वभाव तिच्याइतका कुणाला ठाऊक, असंही म्हणाली.

स्क्रू-ड्रायव्हर धरायला मला हिनंच शिकवलं होतं. माझी सख्खी बहीण. गळा कापला तिनं माझा.

१४ तारीख, मंगळवार

दुकानातल्या जुन्या बटणांच्या फोनवरून आईला लावला. वाटलं, ऐकून किंचाळेल, तडक निघून येईल.  आई शांतपणे म्हणाली की ताईच्या पदरात लेकरू आहे, तुझं अजून कुणी नाही.

आईला माहीत होतं. माहीत असून पाठवलं.

माझं कुणी नाही? तू होतीस ना गं आई? —

१६ तारीख, गुरुवार

लॅपटॉप फोडला. तुकडे कचऱ्यात टाकले. काही उपयोग नाही. आता टेबलावर हात ठेवला की खालून — भिंतीला टेकला की पलीकडून — बरोबर बोटाला बोट —

सकाळी वरच्या फळीवर करडा लॅपटॉप. अख्खा.

१७ तारीख, शुक्रवार

आईचा फोन आला. आमच्या धाकट्या बहिणीला पाठवतेय. म्हणाली, रडू नकोस, तुझंही होईल सगळं नीट. म्हणजे धाकटीचंही कुणी नाही? आम्ही तिघी तिच्या पोटच्या, आणि ती —

ताईनं लॅपटॉप माझ्या टेबलावर आणून ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

१८ तारीख, शनिवार

धाकटी आली. पिशव्या टाकून धावत आली, माझ्या गळ्यात पडली. मी तिला घट्ट धरलं. इतकं घट्ट की माझेच हात दुखले. आणि ती हसून म्हणाली, अगं, तूही धर ना मला, अशी परक्यासारखी काय उभी —

धरलं होतं मी. धरलं होतं गं —

आता समोर बसलीय. ताई तिच्या मागे उभी. धाकटी पॅडकडे बोट दाखवून विचारतेय, ह्याला काय झालंय. काय म्हटलं की ही हट्टाला पेटते, ते मला ताईपेक्षा चांगलं ठाऊक आहे. चार शब्द. मग मला कुणीतरी — मग माझा हात कुणालातरी —

सांगून टाकते, उठ, पळ इथून. सांगतेच. पुन्हा विचारतेय. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, तुला ते जमायचं नाही —