अनवाणी धावायचं गवत

शीळफाटा, ८ जून २०२३

ती. शिवराममामांस,
मृणालचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मामी निरोप अर्धाच देतात, म्हणून पत्र. आमच्या अंध मुलींच्या शाळेला मागची मोकळी जागा मिळाली. चौदा मुली आहेत, पण एकही आजवर कुणाचा हात सोडून धावलेली नाही. खडीवर धावणार तरी कशा? मला असं गवत हवंय की अनवाणी पळावं आणि पडलं तरी लागू नये. कोलशेतच्या कंपनीची बाग तुम्ही तीस वर्षं राखलीत. काय लावू ते लवकर कळवा, मला अजिबात धीर नाहीये.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुमची मृणाल

कोलशेत, १५ जून २०२३

चि. मृणालला मामाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

धीर नाही म्हणतेस आणि गवत मागतेस, हसू आलं. तुला हवं ते मनिला गवत. गादीसारखं दाट, पायाखाली मरत नाही, पण वाढायला महाआळशी. ते बी पेरून होत नाही. मुळांसकट तुकडे वीत-वीत अंतरावर लावायचे आणि टाचेने दाबायचे. जमीन भरायला सव्वा-दीड वर्ष धर. आधी खडी वेच आणि लव्हाळा काढ, नाहीतर मैदान लव्हाळ्याचंच होईल.

कंपनी बंद झाली तेव्हा दोन पाट्या गवत मी घरामागे आणून लावलेलं. त्यातलं अर्धं कापून ओल्या गोणपाटात बांधतो. जावई रत्नदीपरावांना टेम्पो घेऊन पाठव, आणि वाटेत चहाला थांबू नका म्हणावं.

तुझा मामा

शीळफाटा, ३ डिसेंबर २०२३

ती. मामांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

जुलैत लावणी झाली ती मुलींनीच केली. वीत मोजायला डोळे लागत नाहीत. लव्हाळा तर त्या माझ्याहून अचूक काढतात. अकरा वर्षांची हेमांगी म्हणाली, त्याच्या दांड्याला तीन कडा असतात, बाई, तुम्ही बघता कशाला, हात लावा.

पण काल विश्वस्त हरिहरराव आले आणि नाराज झाले. पाच महिन्यांत नुसते ठिपके दिसतात, म्हणाले, पुढच्या आठवड्यात प्लास्टिकचं गवत अंथरून टाकू. तेवढ्यात हेमांगीने त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि त्यांची बोटं मातीत घातली. दोन तुकड्यांमधून फुटलेल्या गवताच्या दोऱ्या मातीखालून एकमेकींपर्यंत पोचल्या होत्या. हरिहरराव बराच वेळ मातीत बोटं फिरवत राहिले. उठताना एवढंच म्हणाले, की पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू.

मामा, मी ऑफिसात जाऊन रडले.

तुमची मृणाल

कोलशेत, १० डिसेंबर २०२३

चि. मृणालला आशीर्वाद.

पत्र मामीला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं. त्या पोरीला बागेत नोकरी दिली असती. आता थंडीत ते वाढणार नाही, घाबरू नकोस. उन्हाळ्यात पाणी तोडू नका आणि पावसाळाभर कुणाला आत पाऊल टाकू देऊ नका. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, मला येता येईलसं वाटत नाही. बारीकसारीक सगळं लिही.

तुझा मामा

शीळफाटा, १७ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आज सकाळी मैदान उघडलं. कुठेही माती दिसत नाही. मुली आधी नुसत्याच लोळल्या. मग मी पलीकडच्या टोकाला उभी राहून टाळ्या वाजवू लागले आणि हेमांगी निघाली. दहा पावलं हात पुढे धरून, जपून. मग तिने हात खाली सोडले आणि पळाली, मामा, केस मागे उडवत, तोंड उघडं टाकून. मध्ये एकदा आपटली. माझी टाळी थांबली, तर ओरडून म्हणाली की वाजवा ना. उठून पुन्हा सुटली ती थेट माझ्या अंगावर. हरिहररावांनी चष्मा काढून पुसला.

माझ्या कमरेला मिठी मारून हेमांगीने धापा टाकत पहिली तक्रार केली, की बाई, हे मैदान फार लवकर संपतं.

गुडघा जपा. लोभ वाढता ठेवा.
तुमची मृणाल