चष्म्याशिवायची लाट

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, अ. आ.

पोचले. एकटी पोचले, हे आधी वाच, मग पुढचं. दोन बस, एक बोट, आणि शेवटी वाळूतून चाकांची बॅग ओढत. या सर्फिंगच्या शिबिरात फोन लागत नाही. एक दिवसाआड बोट येते, तिच्यातूनच टपाल.

तू जिन्यावरून पडली नसतीस तर दोघी असतो. आता एका खाटेवर मी आणि तुझ्या खाटेवर माझे ओले कपडे. बाकी सगळे पंचविशीतले, मी एकावन्नाची. शिकवणारी बाई उन्हाने करपलेली, बोलायला काटकसरी. तिने वाळूवर फळ्या मांडून आम्हाला पालथं झोपवलं आणि टुणकन उभं राहायला सांगितलं. माझं टुणकन तीन हप्त्यांत झालं.

आपल्या चष्म्यांच्या दुकानात उंचावरच्या फ्रेमा काढायला स्टुलावर चढू नकोस. दादाला मी भिंगांच्या प्रशिक्षणाला गेलेय एवढंच माहीत आहे, तेवढंच राहू दे. खरं कळलं तर पुढच्या बोटीने न्यायला येईल.

तुझ्या प्लास्टरलाही आशीर्वाद,
आत्या

८ फेब्रुवारी

प्रिय आत्या, सा. न. वि. वि.

घात झाला. बाबा हल्ली मदतीला म्हणून दुकानात येऊन बसतात आणि कुणाला कोणती फ्रेम शोभत नाही ते तोंडावर सांगतात. दोन गिऱ्हाइकं आरशात न बघताच गेली. काल तुझं पाकीट त्यांच्यासमोर फोडलं, तर काउंटरभर वाळू! प्रशिक्षणात वाळू कुठून, असं त्यांनी विचारलं. काच वाळूचीच करतात, असं मी ठोकून दिलं. त्यांनी पत्रासाठी हात पुढे केला. आत्या, मला खोटं बोलता येतं, पण एका पायावर पळता येत नाही.

पत्र वाचून ते सरळ घरी गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. तू मात्र तिथून हलू नकोस.

तुझीच, लंगडी भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, अ. आ.

सोळाच्या बोटीने परत येतेय, त्याआधीच्या बोटी भरल्यात. चष्मा दोरीने बांधला होता, तो दोरीसकट लाटेने नेला. दुसरा आहे, पण तो पाण्यात न्यायची हिंमत नाही, आणि लेन्स माझ्या डोळ्यांना सोसत नाहीत हे तुला ठाऊकच आहे. मायनस नऊच्या डोळ्यांना समुद्र म्हणजे नुसती पांढुरकी चादर. बाकीचे मागे वळून लाट बघतात आणि निघतात. मला ती नाकात शिरल्यावर समजते. आज पाणी पिऊन पोट भरलं. दोन वर्षं तुझ्याबरोबर चोरून पोहायला शिकले, तेवढं पुरे झालं.

दादाला आल्यावर मीच सांगेन.

आत्या

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन्ही पत्रं वाचली. दोन वर्षं तुम्ही दोघी पोहायला जात होता हेही आता कळलं. राग आला होता, नाही असं नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती आज सांगतो.

तू अकरा वर्षांची होतीस. बाबा गेल्यावर तुझ्या शाळेच्या कागदांवर मीच सही करायचो. पोहण्याच्या वर्गाचा कागद आला, तेव्हा तुझा चष्मा हरवेल असं सांगून मी तो परत पाठवला. तू रडली नाहीस, नुसती कागदाची घडी घातलीस. खरं असं की पाण्याची भीती मला होती, अजूनही आहे. मी तुझ्या चष्म्याआड लपलो. चाळीस वर्षं हे कुणाला बोललो नाही.

तेव्हा परत ये असं मी म्हणणार नाही. दिसत नसेल तर त्या बाईंना तसं सांग. तू सांगितलं नसणारच, मी ओळखतो तुला.

तुझा दादा

१७ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र चौदाच्या बोटीने मिळालं. तीनदा वाचलं, आणि रडले, चाळीस वर्षांपूर्वीचं धरून.

काल सकाळी बॅग बोटीवर चढवून बाईंना गाठलं आणि मला दिसत नाही हे कबूल केलं. त्या हसल्या नाहीत. मान वळवणं सोड, किनाऱ्याकडे तोंड कर, लाट आली की फळीचं शेपूट उचललं जाईल आणि ते पोटाला कळेल, असं म्हणाल्या. बोट सुटायला तासभर होता, म्हणून पाण्यात शिरले.

तीनदा आपटले. चौथ्यांदा पोटाखालून कुणीतरी अलगद उचलावं तसं झालं. मी हात रेटले आणि दादा, मी उभी होते! खाली पाणी पळत होतं, समोर किनारा म्हणजे हिरवा-तपकिरी डाग, आणि तो डाग माझ्याकडे धावत येत होता. मी मोठ्याने ओरडत होते म्हणे. फळी वाळूला टेकेपर्यंत उभीच. उतरायचं कसं ते शिकवलंच नव्हतं, म्हणून बसमधून उतरावं तशी उतरले. पोरांनी मला उचलून घेतलं.

या गडबडीत बोट माझी बॅग घेऊन निघून गेली. सध्या बाईंच्या ढगळ कपड्यांत वावरतेय. मुक्काम आठवडाभर वाढवलाय. विचारत नाही, कळवतेय.

सहीचं मनातून काढून टाक. पुढच्या वर्षी तू माझ्याबरोबर ये. इथे गुडघाभर पाणीही आहे, आणि हात धरायला मी आहे.

लोभ आहे तेवढा राहू दे, काळजी निम्मी कर.

तुझी धाकटी