मधला तुकडा

विक्रोळी, शनिवार

प्रिय बाबा,

फोन असताना पत्र कशाला, असं आईला वाटेल. तिला म्हणावं, आधी शेवटपर्यंत वाचू दे.

तुम्ही दोघं गावी गेल्यापासून खोली ठीक आहे. मागे एकदा नळ गळत होता, तर ऑफिसातल्या विकीने खोलून दुरुस्त करून दिला. आतला तुमचा पितळी तुकडा बघून विचारतो, हा कुठल्या दुकानात मिळतो? मी तोऱ्यात सांगितलं, मिळत नाही, बाबांनी कारखान्यातल्या लेथवर काढलाय. एका बाजूला जुन्या पाइपाचे इंचाच्या मापाचे आटे, दुसऱ्या बाजूला नव्या नळाचे मिलिमीटरचे. तुम्ही म्हणायचात, आटे जुळत नसतील तर जोर लावायचा नाही, दोन्हीकडचे मरतात. मधला तुकडा बनवायचा. विकीने तो कितीतरी वेळ हातात फिरवला. म्हणाला, यार, तुझे बाबा भारी आहेत.

अंधेरीला माझंही तेच काम. टेबलावर चाळीस तऱ्हेचे फोन, आमचं ॲप प्रत्येकावर चालतं का ते बघायचं. आणि तुमच्या या ‘ग्रॅज्युएट’ने तुम्हाला फोन घेताना तो तुमच्या कानाच्या यंत्राशी जुळतो का, एवढंच बघितलं नाही! तुम्हीही ऐकू येत नसताना तक्रार न करता सगळ्याला “होय गो, बरा बरा” म्हणत राहिलात. रविवारी मी म्हटलं, मला ताप आलाय. तरी “बरा बरा”. मी आधी हसले, मग हसू थांबलं. कारण त्याआधीच्या फोनवर मी तुम्हाला काहीतरी विचारलं होतं, आणि त्यालाही हेच उत्तर मिळालं होतं.

विकीने फोन आणि कानाचं यंत्र जोडणारी एक डबी शोधलीय, गळ्यात घालायची. ती यायला तीन आठवडे आहेत. तेवढं थांबवत नाही. तुमचं “बरा” ऐकल्याऐकल्या मी त्याला मेसेज टाकला होता, बाबा हो म्हणाले. त्याच्या आईने मुलुंडला पेढेही वाटले. काल त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, मग नीट विचार, पेढ्यांचं बघू.

म्हणून विचारते. बाबा, मला विकीशी लग्न करायचंय. त्यांच्याकडे बुद्धवंदना होते, आपल्याकडे गणपती बसतो, आम्हा दोघांना दोन्ही हवंय. न ऐकता दिलेला होकार मला नको. रागावलात तर तसं लिहा, मी गावी येऊन समोर बसेन. फक्त या वेळी ‘बरा’ लिहू नका.

तुमचीच,
अक्षता