भुलीत गेलेली जाणीव आणि मेहुण्याची कुत्री

प्रिय धाकटे मेहुणेसाहेब यांस,

दाजीचे अंथरुणातून अनेक आशीर्वाद. तुझी प्रकृती ठणठणीत असेलच. निदान हे पत्र संपेपर्यंत तरी ती तशीच ठेव. (बसून वाच.) माझं हर्नियाचं ऑपरेशन मंगळवारी सुखरूप पार पडलं. टाके असल्यामुळे हसायला बंदी आहे, आणि तुझी ताई माझ्याशी बोलत नसल्यामुळे तशी वेळही येत नाही.

त्याचं असं झालं. भूल देणारे डॉक्टर गोड माणूस, पण बोलके. मी सुतार आहे म्हटल्यावर हातात सुई धरून विचारतात, "मापं किती घेता?" म्हटलं, "तीन. लांबी, रुंदी, उंची." तर म्हणाले, "भौतिकशास्त्रवाल्यांना वाटतं आणखी सहा-सात असावीत. इतकी बारीक गुंडाळलेली, की कुणाला दिसतच नाहीत." (बघ! आणि इतकी वर्षं दार चौकटीत बसलं नाही की गिऱ्हाइकं मलाच बोल लावत होती.) पुढे म्हणाले, "माझा आपला घरगुती अंदाज, भूल चढली की माणसाची जाणीव त्याच घड्यांमध्ये जाऊन बसते." मी विचारलं, "पुरावा?" म्हणाले, "परत येऊन अजून कुणी सांगितलं नाही." 'परत येऊन' ऐकताच मी टेबलावरून उतरायला निघालो, पण सुई माझ्याआधी पोचली.

तिकडचं मला काहीच आठवत नाही. इकडचं मात्र ऐकून माहीत आहे. ऑपरेशननंतर खाटेच्या एका बाजूला तुझी ताई, दुसऱ्या बाजूला सासूबाई तुझा स्वेटर विणत बसलेल्या, आणि मी म्हणे डोळे मिटून खणखणीत आवाजात बोलायला लागलो. आधी नर्सला चांगलं लाकूड कसं ओळखावं ते समजावलं. इथवर ठीक होतं. मग सांगितलं, की तू विम्याच्या ऑफिसातली नोकरी आठ महिन्यांपूर्वीच सोडलीस, लोकांच्या कुत्र्यांना शिस्त लावतोस, आणि सध्या पाच कुत्री तुझ्याच घरी मुक्कामाला आहेत. (नावंही सांगितली म्हणे.)

ताई ताडकन उठली. सासूबाईंनी मात्र एवढंच विचारलं, "जावईबापू, पोरगा खूश आहे का हो?" मी म्हणालो, "विम्यात असताना शीळ घालायचा नाही. आता घालतो." त्यांनी सुया खाली ठेवल्या. मग अर्धा झालेला स्वेटर उसवायला घेतला. आता त्याला चार बाह्या होताहेत.

ताईला मी परोपरीनं सांगितलं, की बोललं ते नुसतं माझं तोंड, जाणीव घड्यांमध्ये होती, मी तिथे नव्हतोच. तर म्हणते, "मग आठ महिने माझ्यापासून लपवत होतं ते कोण?" हा प्रश्न मी भौतिकशास्त्राकडे सोपवला. डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी माझी नाडी पाहिली आणि काढता पाय घेतला.

तुझा अपराधी (पण बेशुद्ध),
दाजी

ता. क. ताईला एक ओळ लिही, की दाजींनी मला खूप समजावलं, मीच ऐकलं नाही. (पहिलं कुत्रं मीच आणून दिलं, हे लिहू नकोस.) शनिवारच्या आत लिही, शनिवारी सकाळच्या बसनं सासूबाई तुझ्याकडे येताहेत.

आणखी ता. क. तुझ्या शीळ घालण्याचं बोललो तेव्हा मी पुरता शुद्धीवर होतो. हे सासूबाईंना कळू देऊ नकोस. (त्यांना कळलंय बहुतेक. माझं पांघरूण नीट करताना हळूच म्हणाल्या, "आता उघडा डोळे. चहा गार होतोय.")