रीतीचे तीन गुण

शुक्र., ७ जून १९९६
निकाल लागला. चि. सौ. सुनंदा... सवयीने ‘सौ.’ लिहिले, मग खोडले. सूनबाई गणितात नापास. बाकी सर्व विषय सुटले. श्रीकांत जाऊन सात महिने झाले. त्याच्या कचेरीचे म्हणणे स्पष्ट आहे : पत्नी दहावी झाली तर कारकून, नाही तर शिपाई. वाट पाहणार ती डिसेंबरअखेर.
गणित मी शिकवले होते. जपास बसलो, माळ हातातच राहिली.

रवि., ९ जून
शेजारच्या पाटीलबाई मराठी शाळेत गणित शिकवतात. त्यांनी पेपरातला प्रश्न सुनंदाला पुन्हा सोडवायला दिला. एका संख्येची दीडपट व पाऊणपट मिळून सत्तावीस, संख्या कोणती? हिने ‘१२’ लिहून पेन खाली ठेवले.
“आणि मधलं?”
“मधलं काय, बाई? बारा दिडे अठरा, बारा पाऊणे नऊ. झाले की सत्तावीस!” वाक्य माझे, चालही माझीच.
“अगं, उत्तराला एक गुण, रीतीला तीन. तपासणाऱ्याला वाटणार, शेजारणीचं पाहून लिहिलं.” मग माझ्याकडे वळून, “नाना, तुमची दिडकी-पाऊणकी देवापुढे म्हणा हो. बोर्डापुढे नको.”
हसल्या. मीही हसलो.

बुध., १२ जून
पंतोजींपुढे पाठ केले ते पासष्ट वर्षे मंत्रांच्या शेजारी जिभेवर आहे. उच्चार शुद्ध असला की कोणी पुरावा मागत नसे. जे स्वतः कधी मांडले नाही ते तिला शिकवायला बसलो, हा अहंकारच. पूजेत आज दोनदा चुकलो.

मंगळ., १६ जुलै
आता सुनंदा पाटीलबाईंकडे शिकते आणि सायंसंध्येनंतर मला सांगते. संख्या क्ष मानू. तीन क्ष छेद दोन, अधिक तीन क्ष छेद चार, बरोबर सत्तावीस. दोन्ही बाजूंस चाराने गुणू. सहा क्ष अधिक तीन क्ष बरोबर एकशे आठ...
“बारा,” मी म्हणालो.
“नाना, गप्प बसा बरं! अजून ओळी बाकी आहेत.”
श्रीकांत गेल्यापासून ती प्रथमच कोणावर रागावली.

गुरु., ५ सप्टें.
कचेरीत जाऊन आलो. साहेब गुजराती, नम्र आहेत. “दादा, बेन हमणां पटावाळामां लागी जाय तो शुं वांधो?” आत्ताच शिपाई म्हणून लागली तर हरकत काय, एवढेच विचारले त्यांनी. त्याच वेळी एक शिपाई श्रीकांतच्या टेबलावर पाण्याचा पेला ठेवून गेला. तिथे आता दुसरे कोणी बसते. उठलो.
घरी सांगितले नाही.

मंगळ., ८ ऑक्टो.
पितृपंधरवडा. आज गणिताचा पेपर.
सुनंदा दुपारी आली ती थेट पानावर बसली. दोनदा भात घेतला. “सगळे दाखले रीतीने सोडवून लिहिले, नाना. एकही ओळ गाळली नाही.” प्रश्नपत्रिका माझ्या हाती दिली.
त्रिकोणाचा पहिला कोन दुसऱ्याच्या दीडपट, तिसरा दुसऱ्याहून पाच अंशांनी मोठा. सर्वांत मोठा कोन काढा. समासात तिचे पेन्सिलीचे कच्चे काम, एकाखाली एक, नेटके. सात क्ष बरोबर तीनशे पन्नास. क्ष बरोबर पन्नास. खाली दुहेरी रेघ.
पन्नास हा दुसरा कोन. विचारला होता पंचाहत्तरचा. पुढची ओळ उत्तरपत्रिकेत असेल. इथे नाही.
“बरोबर आहे ना हो, नाना?”
“रीत अगदी बरोबर आहे,” म्हणालो. हे असत्य नव्हे.
तिने ताकाची वाटी पुढे केली. मी प्रश्नपत्रिकेची घडी घातली.