बाईंचं एरंडेल

आई, तुझ्या एरंडेलानं माझं वर्षभराचं काम बुडवलं. हे तुला सुनावल्याशिवाय मला चैन पडणार नाही म्हणून लिहिते आहे, नाहीतर जाऊन इतकी वर्षं झालेल्या माणसाशी भांडायला मला वेळ कुठे आहे?

मी काय काम करते ते तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. माणसाच्या आतड्यात जिवाणूंची अख्खी वस्ती असते. ती नांदती असली की रोगाच्या जंतूंना तिथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. अँटिबायोटिकांनी किंवा जुलाबांनी ती उठली, की मोकळ्या जागेत नको ते येऊन बसतात. कोणाची वस्ती लवकर सावरते, कोणाची का सावरत नाही, हे मी शोधते. तू नाक मुरडून म्हणाली असतीस, "एवढं शिकून लोकांचं परसाकडचंच बघत बसायचं?" हो, तेच बघायचं. खाडीकाठची गावं निवडायची म्हटल्यावर मी हट्टानं आपलंही गाव घ्यायला लावलं. वरिष्ठ म्हणत होते, ओळखीच्या ठिकाणी असलं काम करू नये. तुझ्यासारखीच मी, ऐकलं नाही.

बाकीच्या गावांहून आलेल्या शौचाच्या नमुन्यांच्या डब्यांत जे असायला हवं ते होतं. आपल्या गावच्या डब्या बर्फाच्या पेटीतून माणगावमार्गे आल्या, आणि सगळ्यांत नुसतं पाणी. मला वाटलं, साथ आली. गाडी काढली आणि तडक गाव गाठलं, तर गाव ठणठणीत. नमुने गोळा करणारी आपली आशाताई, गावची आरोग्य स्वयंसेविका, चौथीपर्यंत तुझ्याच हाताखाली शिकलेली, ओटीवर सुकट निवडत बसली आहे.

"साथ कसली?" ती म्हणते. "बाईंची मुलगी पोट तपासनार म्हटल्यावर घानीनं भरल्यालं पोट कोन दाखवंल? आदल्या दिवशी सगल्यांनी एरंडेल घेतलं. मीच वाटलं घरोघर."

"अगं, औषध काही घ्यायचं नाही म्हणून बजावलं होतं ना मी?"

"औषध न्हायच घेतलं. एरंडेल घेतलं."

मी कपाळाला हात लावला. पाहुणे येणार म्हणून अंगण सारवावं, तसं अख्ख्या गावानं आतडं सारवून ठेवलेलं. आणि तिचा तरी काय दोष? महिनाअखेरीला शाळा सुटताना पोरांना ओळीनं उभं करून कोऱ्या चहातून चमचा चमचा पाजत होतं कोण? परीक्षेच्या आधी तर हमखास. पोट साफ तर डोकं साफ, म्हणायचीस. मी घरची, म्हणून मला दोन चमचे. त्या वासानं मला अजून मळमळतं, आणि तुझ्या विद्यार्थ्यांना मात्र त्या वासानं तुझी आठवण येते. ते आता आजी-आजोबा झालेत, पण तुझा शब्द खाली पडू देत नाहीत.

मी परत निघणार होते. तेवढ्यात आतून मूल किरकिरलं. आशाताईच्या लेकीचं, वर्षाचंही नसेल, डोळे खोल गेलेले. "कालपासनं हगवन लागलीय," आशाताई म्हणाली. "सकाली अर्धा चमचा दिलाय, आता परत देते. आतली घान सगली भायेर पडली म्हंजे थांबंल." मी समजावलं. अंगातलं पाणी संपेल म्हटलं, बाळ हातचं जाईल म्हटलं, माझ्या कामाचा, पदवीचा, सगळ्याचा हवाला दिला. तिला तर प्रशिक्षणातही हे शिकवलेलं. "व्हय, व्हय," म्हणत ती शाळा तपासायला आलेल्या साहेबासमोर हलवावी तशी मान हलवत राहिली, आणि चमचा पुसायला घेतला. पालथ्या घड्यावर पाणी. "बाई असं कधी म्हनाल्या न्हाईत," एवढंच तिचं उत्तर. मला इतका संताप आला, तिचा नाही, तुझा. मी ओरडलेच, "बाईंनीच सांगितलंय. जाताना आई मला सांगून गेली, हगवणीत एरंडेल देऊ नका, चुकलं माझं."

आशाताईनं चमचा खाली ठेवला. "मंग हे आधी न्हाय का सांगायचं?" असं वर मलाच ऐकवून तिनं लेकीला बाळाला अंगावर घ्यायला लावलं, मीठ-साखरेचं पाणी कालवलं आणि बाळाला घेऊन सगळे माझ्याच गाडीत बसले. सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं, बाळ वाचलं. तोवर बाईंनी असं सांगितलंय म्हणून गावभर झालंही होतं. माझी इतक्या वर्षांची विद्या एका बाजूला आणि तुझं न बोललेलं एक वाक्य एका बाजूला.

हे पत्र जायचं कुठेच नाही, म्हणून खरं ते लिहिते. तू असं काही म्हणाली नव्हतीस. अँटिबायोटिकांच्या माऱ्यानंतर हॉस्पिटलात तुला जुलाब लागले, ते थांबलेच नाहीत, आणि शेवटच्या दिवशीसुद्धा तू माझा हात धरून एरंडेलच मागत होतीस.