घंटा वाजली तेव्हा

दि. ४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कालपासून जेवले नाहीये. स्मरणशक्ती घसरलीय असं सांगितल्यावर म्हाताऱ्या माणसांना खरंच कमी आठवतं का, हा माझा प्रयोग तुला माहीत आहेच. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना तसा खोटा निकाल देतो, मग शब्द आठवायची चाचणी घेतो आणि ती संपली की लगेच खरं सांगतो. काल एका रिटायर बस ड्रायव्हरकाकांना खोटा निकाल दिला आणि तेवढ्यात आगीची घंटा वाजली. वायर जळाली होती, बाकी काही नाही. पण बाहेर पडलेले काका परत आलेच नाहीत! गुप्तता म्हणून आम्ही नाव-पत्ता घेत नाही. ते एकटे राहतात, एवढंच ठाऊक आहे. माझ्या मार्गदर्शक सरांनी प्रयोग थांबवलाय. काकांनी जिवाचं काही बरंवाईट केलं तर?

तुझी,
धाकटी

दि. ८ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हटल्यावर बाबा कसे महिनाभर खोलीबाहेर आले नव्हते, आठव. प्रयोगाची जाहिरात जिथे लावली होतीस तिथे जाऊन विचार. रडूबाई, डोळे पूस आणि नीघ. तुझे भावोजी म्हणतात, पोटात काहीतरी ढकलून नीघ. सापडले की आधी मला कळव.

तुझीच,
ताई

दि. १३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सापडले. जाहिरात वाचनालयात होती. तिथल्या बाई म्हणाल्या की काका सभासदत्व रद्द करून गेले, आता वाचलेलं लक्षात राहणार नाही म्हणून. त्या बाईंनीच घर दाखवलं. काकांनी गॅसची शेगडी शेजारी देऊन टाकली होती, चुकून चालू राहील या धास्तीनं. बिस्किटांवर दिवस काढत होते.

मी सगळं खरं सांगून माफी मागितली. त्यांनी शांतपणे विचारलं की ही प्रयोगाची पुढची फेरी तर नाही ना. शेवटी म्हटलं, डॉक्टर तुम्हीच निवडा, मी रस्त्यावर थांबते. डॉक्टरांनी तपासून स्मरणशक्ती ठणठणीत असल्याचं सांगितलं.

आता खोटा निकाल कायमचा बंद. त्याच चाचणीला एका गटापुढे ‘स्मरणशक्तीची परीक्षा’ म्हणायचं, दुसऱ्यापुढे ‘शब्दांचा खेळ’, बस्स. सरांना पटलंय.

शेगडी परत आणली. दूध आणायला खाली निघालो, तेव्हा काकांनी कुलूप ओढून पाहिलं. दोन पायऱ्या उतरले, पुन्हा वर जाऊन ओढलं. मग मला म्हणाले की पोरी, तू एकदा ओढून बघ.

माया आहे तशीच ठेव.

तुझी,
धाकटी